केस स्टडी घेतली तरी वर्ग गप्प का बसतो?

प्रश्न असा आहे: "मी नाशिकमधल्या एका कॉलेजात बीबीए आणि एमबीएला शिकवते. दोन वर्षं झाली. केस स्टडी वापरा असं सगळे सांगतात, म्हणून पुस्तकातल्या केस वर्गात घेते. मुलं वाचून येत नाहीत. विचारलं की 'जाहिरात वाढवावी', 'क्वालिटी सुधारावी' एवढंच म्हणतात आणि बाकीचा वर्ग माझ्याकडे बघत बसतो. सिलॅबस मागे पडतो तो वेगळाच. खऱ्या केस आणायच्या कुठून, आणि मार्क कशाला द्यायचे?"

तुमचा प्रश्न वाचताना मला माझीच पहिली पाच-सहा वर्षं आठवली. शिकवायला लागून आता २४ वर्षं झाली, पण सुरुवातीला मी केस म्हणून जे वर्गात नेत होतो ती केस नव्हतीच, ती गोष्ट होती. एका उद्योजकाने पत्र्याच्या शेडमध्ये सुरुवात केली, अडचणी आल्या, त्याने जिद्द सोडली नाही, आज मोठा कारखाना उभा आहे. वाचून झालं की मी विचारायचो, "यातून काय शिकलात?" मुलं म्हणायची, "मेहनत केली की यश मिळतं." त्यापुढे बोलायला उरलं काय होतं? निर्णय होऊन गेलेला, निकाल लागलेला, आणि सरांना कोणतं उत्तर हवं आहे हेही कळलेलं. मुलं गप्प बसत होती यात त्यांची काहीच चूक नव्हती.

म्हणून आधी तुमच्या हातातली केस तपासा. तिच्यात एक माणूस आहे का, ज्याला ठरावीक तारखेपर्यंत काहीतरी ठरवायचंच आहे? त्याच्याजवळची माहिती अपुरी आहे का? दोन शहाणी माणसं तीच माहिती वाचून वेगवेगळं ठरवतील, असं तुम्हाला मनापासून वाटतं का? आणि पुढे काय झालं हे त्या कागदावरून काढून टाकलं आहे का? माझ्या अनुभवात या शेवटच्या जागी सगळ्यात जास्त घोळ होतो. आपल्याला शेवट माहीत असतो आणि तो सांगायचा मोह आवरत नाही. पण शेवट सांगितला की वर्गात विचार करायला जागाच राहत नाही.

मी गेली तीन वर्षं घेतो ती कांद्याची केस जरा सविस्तर सांगतो. त्यातला शेतकरी मी घडवलेला आहे, तारखा आणि सरकारी निर्णय खरे आहेत.

मंगळवार, २२ ऑगस्ट २०२३. निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, २०० क्विंटल उन्हाळ कांदा आहे. एप्रिलमध्ये भरलेला. तीन दिवसांपूर्वी, १९ ऑगस्टला, केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. सोमवारपासून जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद आहेत. आज घोषणा झाली की सरकार आणखी दोन लाख टन कांदा क्विंटलला २,४१० रुपयांनी खरेदी करणार. चाळीच्या एका कप्प्यातून वास यायला लागला आहे. मुलीच्या इंजिनिअरिंगची फी सप्टेंबरात भरायची आहे आणि रांगड्या (उशिरा खरिपाच्या) कांद्याच्या लागवडीलाही पैसे लागणार आहेत. विकायचा की ठेवायचा?

बस, एवढंच. एक पान. खाली चाळीतल्या मालाचा अंदाज आणि खर्चाचा छोटा तक्ता.

तास सुरू झाला की मी काहीही न बोलता कागद वाटतो आणि आठ मिनिटं वाचायला देतो. घरून वाचून या, हे मी सांगणं सोडून दिलं आहे. केस पद्धतीचा उगम हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये १८७० मधला. तिथले प्राध्यापक लँगडेल यांनी नियम पाठ करून घेण्याऐवजी विद्यार्थ्यांसमोर न्यायालयांचे निकाल ठेवले. पुढे ती रीत हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने उचलली आणि १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या आयआयएमने हार्वर्डच्याच सहकार्याने आपल्याकडे रुजवली. पण तिथली मुलं कॅम्पसवर राहतात, रात्री गट करून वीस-वीस पानं वाचतात. आपल्याकडची मुलगी सकाळी सिन्नरहून एसटीने येते आणि दुपारी दुकानात हिशेब लिहिते. तिला वीस पानांची केस देऊन ती वाचून आली नाही म्हणून रागावणं मला पटत नाही. पान एकच ठेवा, पण ते वर्गात सगळ्यांसमोर, सगळ्यांनी वाचलेलं असू द्या.

वाचून झालं की चर्चेआधी मत घ्यायचं. हात वर करून नाही, कारण मग शेजाऱ्याकडे बघून हात वर जातात. वहीच्या कोपऱ्यात प्रत्येकाने 'विकणार' किंवा 'ठेवणार' लिहायचं, आणि मग मोजायचं. आकडा फळ्यावर वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा, तास संपेपर्यंत पुसायचा नाही. एकदा स्वतःच्या अक्षरात मत लिहिलं की गप्प बसणारा मुलगाही त्या बाजूचा होतो. त्याला विचारलं की तो 'माहीत नाही' म्हणत नाही, 'मी ठेवणार लिहिलंय, कारण...' असं सुरू करतो.

पहिली दहा मिनिटं बहुतेक भावना असतात. सरकार शेतकऱ्यावर अन्याय करतं, व्यापारी लुटतात. ते अडवू नका, पण त्यात रमूही नका. मी विचारतो, "ठीक आहे, पण आज संध्याकाळी या माणसाने काय करायचं?" मग कोणीतरी हिशेब मांडतो. आज सगळा माल २,४१० ने गेला तर ४ लाख ८२ हजार. दिवाळीपर्यंत थांबलं आणि आणखी २० टक्के घट धरली तर उरतात १६० क्विंटल. म्हणजे तेवढेच पैसे हातात यायला क्विंटलला निदान ३,०१३ रुपये मिळायला हवेत. फळ्यावर हा आकडा आला की वर्गाचा नूर बदलतो. आता प्रश्न 'सरकार वाईट का' असा राहत नाही. प्रश्न होतो, 'दिवाळीला तीन हजाराच्या वर भाव जाईल असं तुम्हाला का वाटतं?'

पहिल्या वर्षी या ठिकाणी शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. चांदवडकडची. सहा महिन्यांत ती एकदाही बोलली नव्हती. म्हणाली, "सर, २० टक्के घट कुठून आणली? घट चाळीवर असते. खालून हवा खेळते का? थर पाच फुटांच्या वर असेल तर तळचा कांदा दबून सडतो. भरताना पात नीट सुकली होती का?" मग दुसरा म्हणाला, "आणि सरकारी खरेदीत सगळा माल जात नाही, प्रतवारीत बसेल तेवढाच. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, कुठे घालणार?" म्हणजे ते ४ लाख ८२ हजारही पक्के नव्हते. मी केस लिहिताना हे धरलंच नव्हतं. त्या वर्षापासून माझ्या केसच्या तक्त्यात थराची उंची आणि गोल्टीचं प्रमाण आलं.

या एका तासात मी अपॉर्च्युनिटी कॉस्ट, म्हणजे एक पर्याय निवडताना सोडून दिलेल्या पर्यायाची किंमत, शिकवतो. पेरणीचा, काढणीचा खर्च आजच्या निर्णयात धरायचा की नाही, या वादातून संक कॉस्ट, म्हणजे होऊन गेलेला आणि परत न येणारा खर्च, निघते. 'अर्धा विकू, फी भरू, अर्धा ठेवू' हे कोणीतरी म्हणतंच, आणि तिथे जोखीम वाटून घेणं येतं. संज्ञा मी आधी सांगत नाही. मुलांनी कल्पना स्वतःच्या शब्दांत मांडली की फळ्यावर तिच्या शेजारी पुस्तकातलं नाव लिहितो. परीक्षेत तीच व्याख्या त्यांना आठवते, कारण ती कांद्याला चिकटलेली असते.

तास संपताना शेवट सांगत नाही. दुसऱ्या तासाला दुसरा कागद देतो: २८ ऑक्टोबर २०२३. भाव चढले आहेत आणि सरकारने टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लावलं आहे, म्हणजे त्याहून कमी दराने कांदा बाहेर पाठवता येत नाही. ज्यांनी 'ठेवणार' लिहिलं होतं त्यांचे चेहरे फुलतात. मग तिसरा कागद: ८ डिसेंबर, निर्यातबंदी. आता चाळीत उन्हाळ नाही, शेतात लाल कांदा आहे, आणि तो साठवताच येत नाही. इथे मी केसमधला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारतो. ऑक्टोबरमध्ये थांबणाऱ्याला जास्त पैसे मिळाले, म्हणून ऑगस्टमधला त्याचा निर्णय चांगला होता का? की त्याचं नशीब चांगलं होतं? दोन्ही बाजूंनी मुलं तावातावाने बोलतात आणि मी मधे पडत नाही. चांगला निर्णय आणि चांगला निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला माझ्या पिढीतल्या अनेकांना नोकरीत दहा वर्षं काढावी लागली. विशीतल्या मुलांना ते वर्गातच कळतंय, यासाठी मी सिलॅबसमधली दुसरी कुठलीही दोन प्रकरणं घाईने उरकायला तयार आहे.

आता 'जाहिरात वाढवावी' या उत्तराबद्दल. ते उत्तर मुलं देतात, कारण त्यात कोणाचेच पैसे जात नाहीत. त्याला चूक म्हणू नका. विचारा: किती रुपयांची? कोणाच्या खिशातून? सोमवारी सकाळी दहा वाजता कोण, कोणाला फोन करेल? तीन प्रश्नांत उत्तर एकतर ठोस होतं किंवा मुलगा स्वतःच मागे घेतो. हे विचारताना आवाजात खोच नको. एकदा त्या पोराला वाटलं की मॅडमनी आपल्याला पकडलं, तर तो वर्षभर तोंड उघडणार नाही आणि त्याचे शेजारीही उघडणार नाहीत.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मनात दहापर्यंत मोजा. सुरुवातीला ते दहा सेकंद फार जड जातात, आपण चौथ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देऊन टाकतो, आणि मुलांना हे पक्कं ठाऊक असतं. दुसरं, कोणी बोललं की 'बरोबर', 'छान' म्हणू नका. मान हलवणंही जपून. माझ्या एका विद्यार्थ्याने पास झाल्यावर मला सांगितलं, "सर, तुमचा हात खडूकडे गेला की आम्हाला कळायचं हेच उत्तर आहे." तेव्हापासून मी सगळी मतं लिहितो, पटलेली आणि न पटलेलीही, आणि फळ्याचे तीन भाग करतो: काय माहीत आहे, काय करता येईल, काय माहीत असायला हवं होतं. तिसरा भाग भरत गेला की समजावं, वर्ग विचार करतोय.

आणि चर्चा मराठीत होऊ द्या. हे मी फार आग्रहाने सांगतो. पेपर इंग्रजीत आहे, पुस्तकं इंग्रजीत आहेत, सगळं मान्य. पण कळवण, सुरगाण्याहून आलेली मुलं गप्प असतात ती बहुतेक वेळा वाक्य जुळवत बसल्यामुळे. विचार झालेला असतो, वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मी कागद मराठीत देतो, संज्ञा इंग्रजी ठेवतो, बोलणं मराठीत, आणि शेवटचं टिपण ज्याला ज्या भाषेत जमेल त्या भाषेत. पहिल्या सत्रात मराठीत नीट वाद घातलेली मुलं चौथ्या सत्रात इंग्रजीत इंटरव्ह्यू व्यवस्थित देतात, असं मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

सगळ्या वर्गाचं एकच मत असेल तर खुर्च्या बदला. पाण्याची केस घेताना हे फार उपयोगी पडतं. २०१४ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने ठरवून दिलं की पावसाळ्याच्या अखेरीस पैठणच्या जायकवाडी धरणाचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं. आपल्या वर्गात विचारलं तर शंभर टक्के उत्तर 'सोडू नये'. म्हणून मी मुलांना पैठणचा शेतकरी, संभाजीनगरचा कारखानदार, गंगापूर धरणावरचा अभियंता आणि नाशिक महापालिकेचा पाणीपुरवठा अधिकारी करतो. ज्याचं घर निफाडला, त्याच्याकडे पैठण. अर्ध्या तासाने तो पैठणची बाजू इतक्या पोटतिडकीने मांडतो की मला त्याला थांबवावं लागतं.

हे फक्त मॅनेजमेंटपुरतं नाही. इतिहास शिकवणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याने काळाराम मंदिर सत्याग्रहाची केस केली. सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३० ला. केस थांबते १९३४ मध्ये: चार वर्षं लोकांनी मार खाल्ला, दार उघडलेलं नाही, लढा चालू ठेवायचा की शक्ती दुसरीकडे वळवायची? विद्यार्थ्याने सत्याग्रहाचे नाशिकमधले नेते दादासाहेब गायकवाड यांच्या जागी बसून लिहायचं. नंतर कळतं की बाबासाहेबांनी त्यांना सत्याग्रह थांबवण्याचा सल्ला दिला होता, आणि त्यानंतरची १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा मग सनावळीतली एक ओळ राहत नाही.

केस मिळवायच्या कुठून? सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत तुमचे माजी विद्यार्थी असतील, त्यांच्यापासून सुरुवात करा. मोठ्या कारखान्याच्या मागे लागू नका, ते तुम्हाला माहितीपत्रक देतील. पंधरा-वीस कामगारांचं जॉबवर्क करणारं युनिट शोधा. मालकाला "तुमच्या यशाची कहाणी सांगा" असं म्हणू नका. विचारा, "गेल्या दोन वर्षांत रात्री झोप लागली नाही असा निर्णय कोणता?" एकाच मोठ्या ग्राहकाकडून ८० टक्के काम येतंय आणि तो दर कमी करा म्हणतोय, नवीन सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन कर्ज काढून घ्यायचं की जुन्यावर भागवायचं, जुना फोरमन दारू पितो पण सेटिंग त्याच्याशिवाय कोणाला जमत नाही. दीड तास ऐकलं तर एक केस हातात असते.

लिहून झालं की मालकाला वाचून दाखवा आणि वर्गात वापरायला लेखी परवानगी घ्या. नाव, गाव, वस्तू बदला. रुपयांचे सगळे आकडे एकाच संख्येने गुणा, समजा १.४ ने, म्हणजे प्रमाणं तशीच राहतात आणि खरा धंदा ओळखू येत नाही. व्याजाचा दर आणि टक्केवारी मात्र गुणायची नाही. ही चूक मी केली आहे, आणि एका मुलाने भर वर्गात विचारलं, "सर, कोणती बँक २१ टक्के घेते?"

एक गोष्ट मात्र आधीच सांभाळा. बंद पडलेल्या एका वर्कशॉपची केस मी घेत होतो. कर्ज, थकलेली बिलं, वसुलीवाले दारात. मुलं मालकाच्या चुका भराभर मोजत होती आणि एक मुलगा उठून बाहेर गेला. त्याच्या वडिलांचं तसंच झालं होतं, आठ महिन्यांपूर्वी. मी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तेव्हापासून अशी केस घेण्याआधी दोन दिवस मी विषय वर्गाला सांगतो, आणि ज्याला बसायचं नसेल त्याला कारण न विचारता दुसरं काम देतो. २७ ऑगस्ट २००३ च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी, ज्यात ३९ भाविक गेले, ती गर्दी-नियोजनासाठी नाशिकमध्ये शिकवायलाच हवी. २०२७ चा सिंहस्थ समोर आहे आणि आपल्यातली कितीतरी मुलं तिथे स्वयंसेवक असतील. पण तो तास 'चूक कोणाची' इथून सुरू करू नका. 'आदल्या संध्याकाळी नकाशा तुमच्या हातात आहे, आत येणाऱ्या आणि परतणाऱ्या माणसांच्या वाटा तुम्ही कुठून काढाल' इथून सुरू करा.

मार्क निर्णयाला देऊ नका. 'विकणार' लिहिणाऱ्याला आणि 'ठेवणार' लिहिणाऱ्याला दोघांनाही दहापैकी नऊ मिळू शकतात, आणि हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. मी १० मार्कांचं एक पानी टिपण घेतो: केसमधल्या माहितीच्या वापराला ३, हिशेबाला ३, विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा प्रामाणिकपणे मांडल्याबद्दल २, आणि पहिलं पाऊल कोण कधी उचलणार यासाठी २. वर्गातल्या बोलण्याला मार्क देत नाही, नाहीतर बोलकी मुलं मार्कांसाठी बोलत सुटतात. टिपण तासाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत, हाताने लिहून. घरी दिलं की मोबाइलवरून तयार उत्तर येतं, सुबक आणि एकसारखं. शिवाय मी साठ्याचा आकडा रोल नंबरप्रमाणे बदलतो. कोणाकडे १८० क्विंटल, कोणाकडे २४०.

आणि सिलॅबस. प्रत्येक प्रकरणाला केस नको. डेबिट-क्रेडिट, ब्रेक-इव्हनचं (ना नफा ना तोटा) सूत्र, कायद्यातली कलमं सरळ शिकवा, उदाहरणं सोडवून घ्या. हत्यार हातात नसताना केस दिली तर मुलं नुसत्या गप्पा मारतात. साठ तासांच्या विषयात मी चार केस घेतो, प्रत्येकीला दोन सलग तास. वेळापत्रक बनवणाऱ्याशी जूनमध्येच बोलून ते दोन तास जोडून मागा, नंतर कोणी देत नाही. चारपैकी दोन केस तुम्ही आत्ता वापरताय त्या पुस्तकातल्याच चालतील. फक्त शेवटचा परिच्छेद झेरॉक्स काढण्याआधी कापून ठेवा आणि पुढच्या तासाला वाटा.